मार्थेला दोन हाका

“आणि मार्था कुठे होती?” ओहोळसाहेबांनी व्यासपीठावरून विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आधीच सगळी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

मी शेवटच्या बाकावर, मागच्या दाराला लागून बसले होते. दाराबाहेर चुलाणावर मटणाची डेग चढवलेली, आणि तिचा आवाज बदलला की मला उठावं लागायचं. हातांना कांद्याचा वास, पदर खोचलेला, कपाळावर घाम.

“मार्था चुलीपाशी होती!” साहेब म्हणाले. “प्रभू स्वतः घरी आलेला, आणि ही बाई चुलीपाशी!”

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. साहेब आमचे पाळक, मंडळीत नवे होते, वयानं तरुण होते, त्यांना कळेना लोक हसतात कशाला. माझं नाव मार्था आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे मला दुशिंगबाई म्हणायचे.

“आणि मरीया? मरीया कुठे होती?”

आता सगळ्या माना पुढच्या दुसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे माझी धाकटी बहीण बसली होती, कांजी केलेली सुती साडी नेसून, मांडीवर पुस्तक उघडून. तिचं नाव मरीया. आमच्या अण्णांनी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, त्या दोन बहिणींवरूनच आम्हा दोघींची नावं ठेवली होती. भाऊ झाला असता तर त्याचं नाव त्यांच्या भावावरून लाजर ठेवलं असतं. झाला नाही, सुटला बिचारा.

ती गोष्ट आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. येशू त्या बहिणींच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था एकटी राबते आणि शेवटी कुरकुरते, हिला सांगा की मला मदत करायला. तर प्रभू तिलाच म्हणतो, तू फार गोष्टींची दगदग करतेस, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय. गोष्ट संपली. हे प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्येक नव्या पाळकाला ते कधी ना कधी आठवायचंच, आणि ते नेमकं अशा रविवारी, ज्या रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन असायचं आणि ते मी रांधत असायची.

त्या दिवशी मात्र मला काय झालं कुणास ठाऊक. साहेब अजून बोलत होते. मी उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

“लागलं वाटतं मटण,” कोणीतरी म्हणालं.

मटण लागलं नव्हतं. अन्नाचा काही दोष नव्हता, म्हणून ते मी नीट उतरवलं, सगळ्यांना वाढलं, म्हाताऱ्यांच्या ताटात मऊ फोडी घातल्या. भांडी घासून झाली तशी चर्चच्या कोठीला कुलूप लावलं आणि घरी जाताना आमच्या ह्यांना सांगितलं, “आजपासून चूल बंद.”

हे जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. कुठल्याही बातमीनं गाडी हलू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव.

“घरची पण?” त्यांनी विचारलं.

“घरची नाही. चर्चची.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ते चालत राहिले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “पण हंगामाचा सण तोंडावर आलाय, मार्थाबाई.”

ते मलाही माहीत होतं. हंगामाचा सण म्हणजे आमच्या सोनेवाडीच्या मंडळीचा सगळ्यात मोठा दिवस. आसपासच्या वाड्यांवरून माणसं येतात. कोणी बाजरीची कणसं आणतं, कोणी भोपळे, कोणी कोंबडा बगलेत मारून येतं. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि मग पंगत. ती पंगत मी लग्न होऊन आल्यापासून सांभाळत होते.

बातमी सोमवारपर्यंत गावभर झाली. मंडळीचे पंच येऊन चहा पिऊन गेले. त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, कारण मला काय म्हणावं हेच त्यांना सुचेना. नगरहून केटरर बोलवू असं कोणीतरी सुचवलं, तर म्हातारी माणसं म्हणाली, मग आम्ही त्या दिवशी उपास धरतो. मला हे सगळं ऐकून बरंही वाटत होतं आणि वाईटही. पण माघार घ्यायची नाही असं ठरलं होतं. गुरुवारी दुपारी मी कोठीची किल्ली घेतली आणि ती परत करायला पाळकांच्या बंगल्यावर गेले.

साहेब घरी नव्हते. दार पाळकीणबाईंनी उघडलं. अनुपमा तिचं नाव, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पुण्यात कम्प्युटरचं शिक्षण झालेलं. बिचारीला वरणभाताच्या पलीकडे काही येत नव्हतं आणि ते लपवायलाही येत नव्हतं.

“बाई, आत या ना,” ती म्हणाली. “दूध ठेवलंय मंद गॅसवर, चहा करते. तेवढं हे एक बघा, माझं डोकं फिरलंय सकाळपासून.”

मी किल्ली टेबलावर ठेवली. टेबलावर कम्प्युटर होता, पेटीएवढा मोठा. तिनं मला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

“ह्यात अख्खं मराठी शास्त्र आहे,” ती म्हणाली. “पुण्याच्या मैत्रिणीनं सीडी दिली. इथे वर शब्द लिहायचा, शोध म्हणायचं, की तो शब्द उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जिथे जिथे असेल तिथून काढून देतो.”

“आणि तुम्ही काय शोधताय?”

“सणाला मुलांची प्रश्नमंजूषा आहे ना, तिच्यासाठी. देवानं कोणाकोणाला दोनदा नाव घेऊन हाक मारली? मोशेला मारली, झुडूप जळत होतं तेव्हा. हे बघा.”

तिनं लिहिलं, मोशे, मोशे. पडद्यावर ती ओळ पटकन आली. मला गंमत वाटली. आमच्या अण्णांना एखादं वचन शोधायला चष्मा पुसून पुसून दुपार घालवावी लागायची.

“आता हे बघा. अब्राहाम, अब्राहाम. डोंगरावर हाक मारली होती ना? शोध म्हटलं की काही नाही! शमुवेल, शमुवेल. काही नाही! लहान शमुवेलाला देवानं रात्री हाक मारली हे मला पक्कं आठवतंय. पुस्तकात आहे आणि ह्याला सापडत नाही. मैत्रिणीनं अर्धवट सीडी दिली की काय!”

मी पडद्याकडे बघितलं. मला त्यातलं काय कळणार?  तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि बाहेरून खणखणीत आवाज आला.

“मार्थेऽ! अगं ए मार्थे! आहेस का इथे?”

मरीयाच. हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून शाळेच्या मैदानावरचाच. मी ओ देणार तोच अनुपमा खुर्चीतून उडाली.

“हाक!” ती ओरडली. “बाई, त्या तुम्हाला काय म्हणाल्या?”

“मार्थे म्हणाली. दुसरं काय म्हणेल?”

“मार्था नाही म्हणाल्या! मार्थे म्हणाल्या!”

आणि तिनं घाईघाईनं लिहिलं, अब्राहामा, अब्राहामा. ओळ आली! शमुवेला, शमुवेला. आली! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मरीया दारात चपला काढत होती, तिला वाटलं तिच्या स्वागताच्या.

“अगं, काय चाललंय काय?” तिनं विचारलं. सांगितल्यावर ती पोट धरून हसली. “जन्मभर मी पोरांना संबोधन विभक्ती घोकायला लावली आणि तिचा उपयोग आज झाला म्हणायचा!” पदर सावरून तीही कम्प्युटरपुढे बसली.

मग आम्ही तिघी सुटलो. याकोबा, याकोबा. मिळाला, म्हातारपणी मिसर देशाला निघालेला. शौला, शौला. मिळाला, दिमिष्काच्या वाटेवर. शिमोना, शिमोना. तोही मिळाला. मध्येच यरुशलेमे, यरुशलेमे निघालं, पण अनुपमा म्हणाली ते शहर आहे, धरायचं नाही. मरीया म्हणाली, “दाविदानं अबशालोमासाठी टाहो फोडला होता ना?” अनुपमानं तोही काढला आणि बाजूला ठेवला, कारण ती बापानं मेलेल्या लेकाला मारलेली हाक होती, देवाची नव्हती. आमच्यात वाद झाले, हसणं झालं. आणि एवढ्यात पडदा खटकन काळा झाला.

“लाइट गेली,” अनुपमा कपाळाला हात लावून म्हणाली.

भारनियमनाचे दिवस ते. लाइट जायची वेळ ठरलेली, यायची नाही. अनुपमाला शेजारणीनं काहीतरी विचारायला हाक मारली म्हणून ती मागच्या अंगणात गेली, आणि आम्ही दोघी बहिणी व्हरांड्यात येऊन बसलो. समोर चिंचेखाली कोंबड्या माती उकरत होत्या. 

“मी तुझ्या घरी जाऊन आले,” मरीया म्हणाली. “भावजी म्हणाले किल्ली द्यायला गेलीये.”

“हो.”

“रविवारी तू उठलीस तेव्हा मला वाटलं मटण लागलं.”

“सगळ्यांना तेच वाटलं.”

“तुला त्या प्रवचनाचा राग येतो ना?”

“राग नाही गं,” मी म्हणाले. “कंटाळा आला. मी रांधते म्हणून सगळे जेवतात. आणि दरवेळी मीच चुकीची. आई गेली तेव्हा मी चुलीपाशी बसले नसते तर तुला शाळेत डबा कोणी दिला असता?”

हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. असं मी तिला कधी बोलले नव्हते. पण मरीया रागावली नाही. ती कोंबड्यांकडे बघत म्हणाली, “आणि मला तुला वाटतं मजा येते? पायाशी बसलेली. आयतं खाणारी. लग्न होऊन गेले तर सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, नाव मरीया आहे म्हणजे कामाची नसणार. तुझ्या घरी आले आणि कांदा चिरायला घेतला की तू काय म्हणतेस?”

“काय म्हणते?”

“तू बस. दरवेळी. तू बस, मी करते. अण्णाही तेच म्हणायचे. मला साधी आमटी येत नाही मार्थे, ह्या वयात! आमचे हे होते तोवर स्वयंपाक तेच करायचे. मला कोणी शिकवलंच नाही. ते प्रवचन सुरू झालं की मी खाली मान घालते, ती काय भक्तीनं घालते?”

 इतकी वर्षं त्या दुसऱ्या बाकाचा मला हेवा वाटत होता, आणि ही तिथे मान खाली घालून बसलेली.

“आमटी?” मी म्हणाले. “साधी आमटी येत नाही तुला?”

“नाही.”

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की चिंचेखालच्या कोंबड्या पळाल्या. आणि त्या हसण्यातच गल्लीतली पोरं ओरडली, “लाइट आलीऽ!”

अनुपमा धावत आत आली. कम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला, तोवर ती म्हणाली, “मगाशी एक राहिलंच. सगळे बाप्येच निघाले. बायका राहिल्या की!”

सारे, सारे. काही नाही. रिबके, रिबके. नाही. हन्ने, हन्ने. नाही. दबोरे, दबोरे. नाही. मरीयाला राहवेना.

“माझं घाल,” ती म्हणाली.

मरीये, मरीये. नाही. अनुपमानं एकदाच लिहून बघितलं तर एक ओळ आली, पुनरुत्थानाच्या सकाळी थडग्यापाशी मारलेली हाक.

“ती मी नव्हे,” मरीया म्हणाली. “ती मग्दालिया. शास्त्रात आम्ही मरीया इतक्या आहोत की कोणती कोणती ते आठवावं लागतं. मार्था मात्र एकच. आता तिचं घाल.”

“राहू दे,” मी म्हणाले. “माझं माहितीये सगळ्यांना.”

तरी मरीयानंच पुढे होऊन एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं. मार्थे, मार्थे.

ओळ आली. तीच ती, दगदग करतेस म्हणणारी. त्यात नवल काही नव्हतं. मी चहाचं बघायला उठणार होते. पण अनुपमा पडद्याकडे बघत होती, मग बोटांवर काहीतरी मोजायला लागली, आणि एकदम उभी राहिली.

“बाई,” ती म्हणाली. “अब्राहाम, याकोब, मोशे, शमुवेल, शिमोन पेत्र, शौल म्हणजे आपला पौल. आणि मार्था.”

“बरं मग?”

“बरं मग काय! सगळ्या शास्त्रात देवानं दोनदा नाव घेऊन हाक मारलेली बाई एकच आहे. राणी नाही, संदेष्ट्री नाही. मार्था!”

 मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. अब्राहामाच्या आणि मोशेच्या ओळीत, कांद्याचा वास येणारे हात घेऊन, मी कशी उभी राहणार?

“पण ती तर रागावायची हाक आहे,” मी म्हणाले.

“रागावताना कोणी दोनदा नाव घेतं का?” मरीया म्हणाली. “मी इतकी वर्षं पोरांना रागावलेय. रागावताना नाव एकदाच घेतात, आणि तेही आडनावासकट. दोनदा…”  तिचा शाळेतला आवाज एकाएकी खाली आला. “मार्थे, आई तुला कशी हाक मारायची? शेवटी, तापात होती तेव्हा?”

मला आठवलं. मी तेव्हा परकरी पोर होते. आई आतल्या खोलीत अंथरुणावर, मी चुलीपाशी. आतून आवाज यायचा, मार्थे, मार्थे. मी धावत जायची आणि विचारायची, पाणी हवंय? पाय चेपू? ती मान हलवायची. काही नको म्हणायची. बस जरा इथे. आणि मी म्हणायची, आले गं, तव्यावर भाकरी आहे.

“ती कधीच काही मागायची नाही,” मी म्हणाले.

“मला माहितीये,” मरीया म्हणाली. “मी तिथेच बसलेली असायची ना. तिला मी पुरायची नाही. तिला तू हवी असायचीस.”

अनुपमानं माझ्या हातावर हात ठेवला. मग आम्ही तिघीही रडलो, पण ते रडणं कसं होतं सांगू? पाऊस पडताना ऊन असतं ना, तसं. त्यातच दारात ओहोळसाहेब उभे राहिलेले दिसले, सायकलीची किल्ली हातात धरून, घाबरलेले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “आणि जळतंय काय?”

दूध! पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, अर्धा ओटा भरला होता, घरभर धूर. जन्मात पहिल्यांदा माझ्या नाकाला जळल्याचा वास आला नव्हता.

ओटा पुसता पुसता अनुपमानं त्यांना सगळं सांगितलं. साहेब कम्प्युटरपुढे बसले, एक एक नाव त्यांनी पुन्हा काढून बघितलं, मग माझ्याकडे वळले. कान लाल झाले होते.

“बाई, तुमचं नाव मार्था आहे हे मला रविवारी संध्याकाळी कळलं,” ते म्हणाले. “तेव्हापासून मी तुमच्या घराच्या वाटेनं जातच नाहीये. लांबून फिरून जातो.”

“म्हणूनच सायकल काढलीत होय!” मी म्हणाले.

“सणाला हे मी मंडळीला सांगतो. व्यासपीठावरून.”

“तुम्ही नाही,” मरीया म्हणाली. “सणाचा संदेश मी द्यायचा होता ना? तर मी नाही देणार. ही देईल.”

“मी?” मी ओरडले. “मला बोलता येतं का चारचौघांत? आणि स्वयंपाक कोण करणार?”

“मी,” मरीया म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. अनुपमानं बघितलं. मीही बघितलं. आमटी न येणारी बाई तीन वाड्यांची पंगत रांधणार!

“तू मला शिकव,” ती म्हणाली. “आणि मी तुला शिकवते, माइकपुढे कसं उभं राहायचं ते.”

साहेब हळूच म्हणाले, “कांदे मी चिरतो.”

त्या पुढच्या दिवसांत आमच्या घरी जे चाललं त्याला हे नुसतं ‘शाळा’ म्हणायचे. सकाळी मी मरीयाला रश्श्याच्या मसाल्याचं येसर कसं भाजायचं ते दाखवायची, खोबरं किती लाल करायचं, रश्श्यावर तवंग कधी येतो. तिनं दोनदा हात भाजून घेतला आणि मसाल्याच्या ठसक्यानं आख्खी गल्ली शिंकली. दुपारी ती मला अंगणात उभं करून भिंतीशी बोलायला लावायची. “पदराशी खेळू नकोस! वर बघ!” हे खाटेवर पडून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “भिंतीला पटलं बरं का.” अनुपमा दोन्हीकडे यायची, आणि ह्या सगळ्यात भाकरी थापायला ती शिकली.

सणाच्या दिवशी चर्च भरून बाहेर माणसं उभी होती. वेदीपुढे भोपळे, कणसं, उसाच्या मोळ्या. एक कोंबडा सुटून बाकांखालून फिरत होता. साहेबांनी माझं नाव पुकारलं, “आजचा संदेश मार्था दुशिंग देतील,” आणि लोकांना आधी ते खरंच वाटेना. काही जणांनी मागच्या दाराकडे बघितलं.

मी व्यासपीठावर चढले. हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. शिकवलेलं सगळं विसरले होते.

“मला बोलता येत नाही,” मी म्हणाले. “फक्त काही हाका आहेत, त्या मारते. देवानं मारलेल्या.”

चुलीपासून अंगणापर्यंत पोचेल असा माझा आवाज होताच, माइकची गरजच नव्हती.

“अब्राहामा! अब्राहामा!”

डोंगरावर त्याच्या हातात सुरी होती, लेकरू पुढ्यात, तेव्हाची ही हाक, एवढं मी सांगितलं. मग, “मोशे! मोशे!” मग, “शमुवेला! शमुवेला!”

पहिल्या बाकावर आमचे शमुवेलबाबा त्रिभुवन डुलक्या घेत होते. ते दचकून उठले, काठी टेकून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “हां, आलो! काय म्हणता?”

सगळं चर्च हसलं. मीही हसले, आणि हातातलं पदराचं टोक सुटलं. शास्त्रातल्या त्या लहान शमुवेलानंही अगदी हेच केलं होतं, मी म्हणाले, तर शमुवेलबाबांनी मान डोलावली, जणू ते तिथे हजर होते. पुढची हाक याकोबाची. लिलाव पुकारणारे याकोब लोंढे मागून स्वतःहूनच ओरडले, “मी हाये!” पोरं टाळ्या पिटायला लागली. शिमोन झाला, शौल झाला. प्रत्येकाचं थोडं थोडं सांगितलं.

“आणि एक राहिली,” मी म्हणाले. “शास्त्रातली एकच बाई, जिला अशी हाक मिळाली.”

आणि पुढचं नाव बाहेर पडेना. मी माइकचा दांडा धरून उभी. लोक वाट बघायला लागले. कोंबडासुद्धा कुठेतरी बसला असावा.

तेव्हा मागच्या दारातून आवाज आला. पदर खोचलेला, केसांवर राख, हातात भलामोठा डाव, अशी मरीया दारात उभी होती. मैदानावरच्या त्या आवाजात तिनं हाक मारली, “मार्थे! मार्थे!”

“आहे गं,” मी म्हणाले. “इथेच आहे.”

आमच्या चर्चमध्ये बायका उठून उभ्या राहिल्या, असं मी तरी त्याआधी बघितलं नव्हतं. आधी एक म्हातारी उठली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या.  साहेबांनी गीत सुरू केलं म्हणून बरं, नाहीतर मी तिथून उतरलेच नसते.

लिलाव झाला, कोंबडा शमुवेलबाबांनीच घेतला. मग अंगणात पंगत बसली. मी सवयीनं डेगीकडे निघाले तर ह्यांनी माझा हात धरला आणि पहिल्या पंगतीत, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसवलं. मला तिथे बसून कसंतरीच होत होतं. पत्रावळीपुढे हात कुठे ठेवायचे कळेना. साहेब भाकरी वाढत आले, डोळे कांद्यानं सुजलेले. मागोमाग मरीया रस्सा घेऊन. तिनं माझ्या द्रोणात वाढलं आणि पुढे सरकेना. उभीच राहिली.

मी भाकरी मोडली, बुडवली, खाल्ली.

 शमुवेलबाबा आभाळाकडे बघत चावत होते. ह्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला.

“खरं सांग,” मरीया म्हणाली. “कसं झालंय?”

“खारट,” मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. “फार?”

“फार.” आणि मी रिकामा द्रोण तिच्यापुढे धरला. “वाढ अजून. भूक लागलीये मला.”